ओल्या सारवणातलं पाऊल

रामकिसनला रागवता येत नाही, अशी गावात त्याची ख्याती होती. बैल उधळून धुऱ्यापलीकडं गेला तरी हा मागं जाऊन त्याची समजूत काढायचा आणि त्याची बायको रुख्मिणी कपाळावर हात मारून घ्यायची. त्यामुळं सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यानं आपल्या म्हाताऱ्या मायशी, चतुराबाईशी, बोलणं टाकलं तेव्हा शेजारीपाजारी आधी चकित झाले आणि मग, खोटं कशाला बोला, त्यांना थोडी मजाही वाटली. चाळिशीचा बाप्या, तीन लेकरांचा बाप, आणि मायशी अबोला धरतो! विहिरीवरच्या बायकांना तो विषय तीन आठवडे पुरला.

कारण मात्र घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

मालेगावपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. रामकिसन चतुराबाईच्या पोटचा नव्हे, हे काही लपून राहिलेलं नव्हतं. छपन्याच्या काळात, म्हणजे माणसं झाडाची साल कुटून खात होती त्या वर्षी, डोंगरातली एक लमाणीण तीन वर्षांचं पोर घेऊन जगदेवच्या दारात आली होती. जगदेव आणि चतुराबाईला मूल नव्हतं आणि घरात थोडी ज्वारी शिल्लक होती. बाईनं पोर ओट्यावर बसवलं, ‘याले जगवा’ एवढं म्हणाली आणि मागं न पाहता निघून गेली. पुढं ती मेली, असं चतुराबाई सांगायची. पोरं भांडणात ‘लमान्या’ म्हणून चिडवत. रामकिसन ‘हाव, हावोच मी’ म्हणून पुन्हा विटी मारायला लागायचा. त्याचं डावं पाऊल चालताना आत वळायचं, त्यावरूनही पोरं चिडवत. जगदेवनं त्याला खांद्यावर बसवून शेत दाखवलं, तिफण धरायला शिकवलं, लग्न लावून दिलं आणि दीड वर्षापूर्वी त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले.

अशा बापाचं पान रामकिसननं सर्वपित्रीला मनापासून वाढलं. बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं, पणज्याचं घेतलं. चतुराबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिसऱ्या नावाला तिला काय झालं कोण जाणे, ती तोंडात पदर धरून रडायला लागली. जगदेवची आठवण आली असेल, असं सगळ्यांना वाटलं. तिन्हीसांजेला, लेकरं बाहेर गेल्यावर, तिनं मुलाला आणि सुनेला समोर बसवलं.

“तुही माय मेली नव्हती, बाप्पा,” ती म्हणाली. “काळ सरला, त्याच्या दुसऱ्या वरसाले, श्रावनात, ते तुले न्याले आली होती. मी तुले गुळाचा खडा देऊन रिकाम्या कनगीत बसवलं आन् तिले सांगतलं, देवी आल्या, पोरगं गेलं.”

कणगी म्हणजे तुराट्यांची विणून शेणामातीनं लिंपलेली धान्याची उंच कोठी. रामकिसनला तो अंधार आठवत होता. ज्वारीच्या कोंड्याचा वास, जिभेवर गूळ, आणि बाहेर कुणीतरी बोलतंय. माय आपल्याशी लपाछपी खेळायची, असं म्हणून त्यानं स्वतःच्या लेकरांना ती गोष्ट किती वेळा सांगितली होती! बालपणातली सगळ्यात गोड आठवण कोणती, तर ती. आता कळलं की त्या गोडाच्या पलीकडं, चार हातांवर, त्याची जन्मदाती उभी होती.

त्याला राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला असल्यामुळं त्याचं काय करायचं हे त्याला समजेना, म्हणून त्यानं बोलणं टाकलं.

दिवाळीला सहा दिवस उरले तेव्हा त्यानं गाडीच्या चाकांना वंगण घातलं. रुख्मिणी दारात येऊन उभी राहिली.

“अवो, कापूस फुटून राह्यला, वेचनी तोंडावर आली, आन् तुमी गाडी जुपून कुठं चालले?”

“तिकडं डोंगरात एक बाई मेलेल्या पोरासाठी सदतीस वरसं रडून राह्यली असन,” रामकिसन म्हणाला. “जित्ती असन तं तिले सांगून येतो, का पोरगं मेलं नाही. तिच्या जिवावरचं तेवढं ओझं उतरलं पाह्यजे, रुख्मिनी. बाकी मले काई नाही पाह्यजे.”

रुख्मिणीनं भाकरी बांधून दिल्या. तेवढ्यात काठी टेकत, पिठाचं गाठोडं काखेत घेऊन चतुराबाई आली आणि कुणाला न विचारता गाडीत चढायला लागली.

“माय, तुमी कुठं?” सून म्हणाली.

“खोटं म्या बोललं. पाय तो धरन का त्या बाईचे? म्याच धरीन.”

रामकिसन तिच्याशी बोलला नाही. पण तिची कंबर दुखते हे त्याला माहीत होतं, म्हणून खाली उतरून त्यानं कडब्याच्या आणखी दोन पेंढ्या गाडीत अंथरल्या आणि मग कासरा हाती घेतला. त्याचा राग हा असा होता.

मानोऱ्याकडं जसजसं जावं तसतसे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि वाट दगडगोट्यांची होते. लमाणांचे तांडे त्या डोंगरांच्या कुशीत, पाण्याच्या आसऱ्यानं वसलेले. शोधायला खूण अशी काहीच नव्हती. बाईचं नाव चतुराबाईनं त्या वेळी विचारलं नव्हतं. भुकेल्या माणसाला नाव कोण विचारतो? पोर मात्र स्वतःला ‘सेवा’ म्हणायचं, एवढं तिला आठवत होतं. आता तांड्यांमध्ये सेवा नावाची काय टंचाई! पहिल्याच तांड्यात गाडी थांबली तर तीन सेवादास पुढं आले, त्यातला एक दात नसलेला आणि एक नुकताच चालायला लागलेला.

रामकिसन सगळीकडं एकच विचारायचा: “छपन्याच्या काळात गेलेलं, सेवा नावाचं पोरगं कोनाचं होतं?”

आणि घरोघरी गेलेलं पोर होतंच. त्या काळानं कुणाचंच घर सोडलं नव्हतं. दुसऱ्या तांड्यात एक वाकलेली म्हातारी हे ऐकून पुढं आली, तिनं रामकिसनच्या गळ्याला मिठी मारली आणि सुरात रडायला सुरुवात केली. बऱ्याच दिवसांनी आपलं माणूस भेटलं की तिथल्या बायका अशाच रडतात, एकेक दुःख सुरात सांगत. रामकिसनला वाटलं, हीच. पण तिच्या सेवाची पाठ चुलीवर भाजलेली होती. रामकिसननं बंडी काढून पाठ दाखवली. म्हातारीनं ती पाठ वरपासून खालपर्यंत हातानं चाचपली, डाग सापडला नाही तरी पुन्हा एकदा चाचपली.

“नाही,” ती म्हणाली. “पन जित्ता राह्य, बाप्पा. तुह्या मायले भेट लौकर.”

रामकिसन तिच्या पाया पडला. गाडीशी परत आला तर चतुराबाई चाकाला टेकून हुंदके देत होती. कुणाच्या तरी मेलेल्या लेकासाठी, ज्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच रामकिसननं तिच्याकडं नीट पाहिलं. किती वाळली होती!

“माय,” तो म्हणाला, “पानी पेतं का?”

चतुराबाईला पाणी नको होतं, तरी ती तांब्याभर प्यायली.

तिसऱ्या तांड्यात अमरसिंग नावाचा म्हातारा भेटला. तो माणसांआधी त्यांच्या बैलांच्या खुरांचे ठसे पाहत बसला.

“उजव्या बैलाचा मागचा खूर फाकला हाय,” तो म्हणाला. “गाडी हळू हाक.”

रामकिसननं वाकून खूर पाहिला. खरंच फाकला होता. म्हातारा हसला. “आमच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ न् धान्य वाह्यलं. हजार बैलांत आपला हरवला तं मागावरून काढावा लागे. आमच्या बायाही काढत.” मग त्यानं रामकिसनची सगळी हकीकत ऐकली आणि थोडा विचार करून म्हणाला, “त्या काळात मालेगावाकडं उतरलेले लोक वरच्या इंद्रभान नायकाच्या तांड्यातले. परवा दिवाळीचा पाडवा हाय. आमी पाडव्याले धबुकार करतो. निखाऱ्यावर तूप न् लापशी सोडाची आन् घरातल्या मेलेल्यांची नावं घ्याची. नाव कोनी इसरत नाही. ज्या घरी सेवाचं नाव निंघन, ते घर तुहं.”

इतकी सोपी खूण मिळाल्यावर रामकिसनला उत्साह आला. पाडव्याच्या सकाळी उन्हं वर आली तेव्हा गाडी इंद्रभान नायकाच्या तांड्याला लागली. तोंडाशीच देवाचा ओटा होता आणि त्यावर पांढरा झेंडा. रामकिसननं वाहणा गाडीपाशी काढल्या, ओट्याला हात जोडले आणि अनवाणीच धुळीतून नायकाच्या घराकडं गेला. चतुराबाई गाडीतच बसून राहिली. इतके दिवस ती आधी उतरायची, आज तिचे पायच उचलेनात.

नायकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भला माणूस. त्यानं घरोघर विचारणा केली. काही घरांचा धबुकार झाला होता, काहींचा चालू होता, अंगणात निखारे फुललेले आणि तुपाचा वास सुटलेला. रामकिसन ओसरीवर बसून कान देऊन ऐकत होता. गोपा, लच्छू, ठाकरू, हिरामण. मेलेल्या माणसांची नावं इतक्या लक्ष देऊन ऐकणारा दुसरा जिवंत माणूस त्या दिवशी डोंगरात नसेल. सेवा हे नाव आलं नाही.

नायक परत आला आणि मान हलवून म्हणाला, “भाऊ, या तांड्यात छपन्यात मेलेला सेवा कोनाच्याच घरी नाही. दोन घरांचा धबुकार राह्यला, पन त्यांनाही इचारलं. रतनसिंगच्या घरचेही नाही म्हनतात.”

रामकिसननं मान डोलावली. अमरसिंगनं सांगितलेले लोक हेच. त्यांच्याकडं नाही तर आता कुणाकडं विचारायचं? बाई वाटेतच कुठं गेली असणार, तिचं घर मोडलं असणार, नाव घ्यायलासुद्धा कुणी उरलं नसणार. तो जड पावलांनी गाडीशी आला, वाहणा पायांत घातल्या आणि बैल वळवले.

“काय झालं?” चतुराबाईनं विचारलं.

“नाही भेटली. आपनच उशीर केला, माय.”

‘आपण’ म्हणाला तो. ‘तू’ म्हणाला असता तर चतुराबाईला जास्त बरं वाटलं असतं. तिनं तोंड पदरात लपवलं.

गाडी शंभरेक पावलं गेली असेल. मागून हाक आली. म्हाताऱ्या गळ्याची, पण अशी की डोंगरावरून परत यावी.

“सेवा! ए सेवा!”

रामकिसनला त्या नावाची सवय नव्हती. गावातल्या कुणी त्याला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. तरी कासरा त्याच्या हातून आपोआप ओढला गेला आणि बैल थांबले.

मागं वळून पाहिलं तर ओट्यापाशी, वाटेवरच्या धुळीत, एक म्हातारी उकिडवी बसली होती. आरशांचा जुना घागरा, हातांत कोपरापर्यंत पिवळ्या पडलेल्या बांगड्या. ती रामकिसनकडं पाहतही नव्हती. त्याच्या अनवाणी पावलांचे ठसे नायकाच्या दारापर्यंत गेले होते आणि परत आले होते. त्यातल्या डाव्या पावलाच्या कडेनं ती बोट फिरवत होती. तिच्यामागं चाळिशीच्या आतला एक माणूस धावत येत होता, आणि धावताना त्याचं डावं पाऊल आत वळत होतं.

रामकिसन गाडीतून उतरला की पडला, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. तो तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसला. म्हातारीनं धुळीनं भरलेले हात त्याच्या गालांवर ठेवले. मग ती रडायला लागली, सुरात, त्या दुसऱ्या तांड्यातल्या बाईसारखी. पण या रडण्याला मध्येच हसू फुटत होतं आणि पुन्हा सूर लागत होता.

तिचं नाव सोमली. रतनसिंग तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. मागून धावत आलेला धनसिंग, धाकटा लेक.

“अरे, पन तुमी तं नाही म्हनले!” इंद्रभान नायक गोंधळून म्हणाला.

“तुमी मेलेला सेवा इचारला,” सोमली डोळे पुसत म्हणाली. “माहा सेवा कधी मेला?”

तोवर चतुराबाई काठी टाकून, धडपडत येऊन पोचली होती. तिनं सोमलीच्या पायांवर डोकं ठेवलं. “बाई, मी तुह्याशी खोटं बोलली,” ती म्हणाली. “पोरगं कनगीत होतं. मी पापीन हावो. तुले लेकाच्या नावानं रडवलं मी.”

सोमलीनं तिला दोन्ही खांदे धरून उठवलं.

“मी कायले रडू, बाई? मले त्याच दिवशी माईत होतं.”

“कसं?” चतुराबाईनं विचारलं.

“तू खोटं बोलली, पन तुह्या अंगनानं खरं सांगतलं,” सोमली म्हणाली. “तू तवाच सारवलं होतं. सारवन ओलं होतं. त्याच्यात पोराची पावलं. डावं आत वळलेलं, माह्या सासऱ्यासारखं. अंगनातून घरात गेलेली, आन् परत आलेली एकही नाही. बैलाचा माग काढनाऱ्या बाईपुढं तू पोरगं लपवलं, बाई, आन् पावलं तशीच ठेवली!”

ती हसली. नायक हसला. रडता रडता चतुराबाईच्याही तोंडावर हसू आलं, इतकी वर्षं पोटात दडवलेलं पाप असं साध्या सारवणानं उघडं पाडलं होतं.

“मंग नेलं काहून नाही?” रामकिसननं विचारलं. हे विचारताना त्याचा आवाज तीन वर्षांच्या पोरासारखा झाला.

सोमलीनं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“तुह्या टाचा पाह्यल्या मी. सारवनात चांगल्या रुतल्या होत्या. घरून नेला तवा तू इतका हलका होता का धुळीतसुद्धा उमटत नव्हता. माह्या कडेवर तवा हा धनसिंग होता, आंगात दूध नव्हतं, तुहा बाप खडी फोडाले गेला होता. ज्या घरानं माह्या लेकाचं पाऊल एवढं जड केलं, तिथून त्याले काढून मी कुठं नेऊ? आन् ही बाई दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. थरथर कापत होती. वासराच्या पुढं गाय उभी राह्यते, तशी. मी म्हनलं, असू दे. माय हाय त्याले.”

रामकिसन रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. जिच्या दुःखाचं ओझं उतरवायला तो एवढी वाट तुडवत आला होता, तिनं ते ओझं कधी उचललंच नव्हतं. दोन बायकांनी मिळून त्याला जगवलं होतं, एकीनं खोटं बोलून आणि दुसरीनं ते खोटं कळूनही गप्प राहून. कुणावर रागवायचं? राग कुठं गेला हे त्यानं शोधलंही नाही. त्याला फक्त एवढंच वाटलं की आपण फार नशीबवान आहोत, आणि हे जगदेवला सांगायला पाहिजे होतं.

“दरसाल धबुकाराले घरचे म्हनत, सेवाचं नाव घे,” धनसिंग म्हणाला. “याडी घेऊ देत नव्हती. आगीत नाही, त्याचा घास बाजूले ठेव म्हने. जित्त्याचा घास वाटसरूले जात जाय.”

याडी म्हणजे आई, हे रामकिसनला एव्हाना कळलं होतं. पण तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. तो चतुराबाईकडं पाहायला लागला. चतुराबाईनं नाक पुसलं.

“म्हन ना तिले याडी,” ती जरा करवादूनच म्हणाली. “माय मी हावोच.”

“याडी,” रामकिसन म्हणाला.

मग सगळे सोमलीच्या अंगणात गेले. तिच्या घरचा धबुकार व्हायचा होता. आठवडाभर स्वतःच्या गाठोड्यातलं पीठ मळून खाणाऱ्या चतुराबाईनं सोमलीच्या हातचं पाणी घेतलं, आणि बाजूला काढलेला लापशीचा तो घास सोमलीनं निम्मा रामकिसनला आणि निम्मा तिला भरवला तेव्हा तोही खाल्ला. धनसिंगनं निखारे फुंकले. तुपाची पळी सोडत तो एकेक नाव घेऊ लागला. पणजा, आजा. मग रतनसिंग. रामकिसननं हात जोडले. या बापाचं तोंडही त्याला आठवत नव्हतं.

धनसिंग पळी खाली ठेवणार, तेवढ्यात सोमलीनं त्याला थांबवलं आणि ती चतुराबाईकडं वळली.

“तुह्या घरधन्याचं नाव काय?”

चतुराबाईनं मान खाली घातली. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. तिच्या पिढीतल्या बायका ते घेत नसत. तो असताना नाही, गेल्यावरही नाही. रामकिसन सांगायला पुढं झाला, पण तिनं हातानं त्याला अडवलं.

“जगदेव,” ती पुटपुटली.

धनसिंगला ऐकू आलं नाही. त्यानं तुपानं भरलेली पळी तशीच निखाऱ्यावर धरून ठेवली.

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या तांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं, “जगदेव.”